मिसेस विलोबींच्या बाजूची काच

मिसेस विलोबींना सीटबेल्ट लावावा की नाही, यावर डेल्बर्ट व्हान ओर्डनने रविवारची चांगली दहा मिनिटं घालवली. बाई फायबरग्लासच्या होत्या. वजन फार तर वीस पौंड, वय सेहेचाळीस, आणि डाव्या हाताची दोन बोटं १९७४ साली एका शहामृगाने नेलेली. अपघात झालाच असता तरी त्यांचं आणखी फारसं काही बिघडण्यासारखं नव्हतं. पण बेल्ट न लावता गाडी सुरू केली तर ती टिंग टिंग करत राहते, आणि सत्तरीच्या माणसाला गाडीने शिस्त लावलेली आवडत नाही. शेवटी त्याने बेल्ट लावला, कोटाची कॉलर सरळ केली, डोक्याचा रुमाल हनुवटीखाली नव्याने बांधला आणि गॅरेजचं दार उघडलं.

समोरचा शेजारी अंगणातली मेपलची पानं झाडून गोळा करत होता. त्याने सवयीने हात केला. मग शेजारच्या सीटकडे त्याची नजर गेली, आणि त्याने, जरा अदबीने, पुन्हा एकदा हात केला. अकरा वर्षांत डेल्बर्टच्या गाडीत बाई बसलेली तो पहिल्यांदाच पाहत होता.

डेल्बर्ट निघाला होता गावातल्या अग्निशमन दलाच्या हॉलकडे. तिथे इतिहास मंडळाने ‘झांबेझी एकर्स: आठवणींची दुपार’ असा कार्यक्रम ठेवला होता. मंडळाच्या चिटणीस मिसेस कायकन यांचं पत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं. त्यात लिहिलं होतं की, पार्कात काम केलेल्या सर्वांनी आपापल्या वस्तू, फोटो आणि आठवणी घेऊन यावं. कॉफी व केक मंडळातर्फे. हे सगळं डेल्बर्टने नंतर वाचलं. आधी त्याची नजर गेली ती खालच्या ओळीवर: ‘ॲरिझोनाहून रोझलिन ग्रिप्पो हॅस्केल खास येणार आहेत.’

रोझलिनला सांगायचं एक वाक्य त्याच्याकडे तयार होतं. ‘तू होतीस, हे मला माहीत होतं.’ सहा शब्द. फेब्रुवारी १९७६ पासून तयार होतं. मधल्या त्रेचाळीस वर्षांत त्याला बाकी काही सुचलं नव्हतं असं नाही, पण हे एक वापरायचं राहून गेलं होतं.

*

झांबेझी एकर्स हे न्यू जर्सीच्या पार उत्तरेला, डोंगरात होतं. आफ्रिकेतली झांबेझी नदी कशाशी खातात हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. १९७२ च्या उन्हाळ्यात ते उघडलं. लोक आपापल्या गाड्यांत बसून, काचा घट्ट लावून, सिंहांच्या मधून जायचे आणि शेवटी दुकानातून खाकी टोपी घ्यायचे. नोव्हेंबर ते मार्च पार्क बंद. म्हणजे माणसांना बंद. सिंहांना कुठे जायचं होतं? ते गरम केलेल्या शेडमध्ये झोपत आणि ऊन पडलं की बाहेरच्या ओट्यावर येऊन बर्फाकडे बघत बसत.

पहिल्या हिवाळ्यात पाच महिने त्यांनी एकही गाडी पाहिली नाही. एप्रिलमध्ये फाटक उघडलं तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांनी अकरा गाड्यांचे टायर फाडले आणि एका दंतवैद्याच्या नव्या कोऱ्या गाडीचं व्हिनाइलचं छप्पर सोलून खाल्लं. आत दंतवैद्य होता, बायको होती आणि सासू होती. कोणाला ओरखडाही आला नाही, पण सासूबाईंनी त्यानंतर जावयाच्या गाडीत पाऊल ठेवलं नाही. दंतवैद्याने नाताळात पार्काला भेटकार्ड पाठवलं.

व्यवस्थापनाने शिकागोहून प्राण्यांच्या वागणुकीचा एक तज्ज्ञ बोलावला. त्याने दोन दिवस सिंहांकडे पाहिलं, सिंहांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग चाळीस पानांचा अहवाल आला. सार इतकंच की सिंह विसरतात. हिवाळाभर रोज ठरल्या वेळी त्यांच्यापुढून एक गाडी, आणि तीत एक कुटुंब, हळूहळू गेलं पाहिजे.

आता जानेवारीत, गोठवणाऱ्या थंडीत, रोज दुपारी दोन वाजता सिंहांपुढून फिरायला कोणाचं कुटुंब येणार? कामगारांच्या बायकांना विचारून झालं. त्यांची उत्तरं अहवालात घालण्यासारखी नव्हती. तेव्हा हिवाळ्याच्या पाळीचा मुकादम हॉबर्ट क्लाइन याने दुकानातल्या कपड्यांच्या पुतळ्यांकडे पाहिलं, आणि मग डेल्बर्टकडे.

“पोरा, लग्न झालंय तुझं?”

“नाही.”

“झालं समज. बस गाडीत.”

अशा रीतीने वयाच्या चोविसाव्या वर्षी डेल्बर्ट कुटुंबवत्सल झाला. गाडी होती हिरवी, लांबलचक, बाजूंना लाकडाच्या नक्षीची, आणि तिच्या पुढच्या खणात कुणा विलोबी नावाच्या माणसाचा जुना कागद सापडला म्हणून कुटुंबाचं नाव विलोबी पडलं. पुढे मिसेस विलोबी, मागे थोरला बर्नी आणि धाकटी ट्रूडी. रोज दोन वाजता, ताशी पाच मैल, दोन चकरा. हॉर्न वाजवायचा नाही, काच उघडायची नाही. (काच एकदाच उघडी राहिली होती, शहामृगांच्या भागात.) सिंह ओट्यावरून मान वर करत, हीच मंडळी पुन्हा आली आहेत हे पाहत आणि मान खाली टाकत. काम फत्ते.

त्या गाडीला हीटर नव्हता. म्हणजे होता, पण चालत नव्हता. डेल्बर्टने दुरुस्तीसाठी दोनदा अर्ज केला. व्यवस्थापनाचं उत्तर आलं की चारपैकी तीन प्रवाशांची काहीही तक्रार नसल्यामुळे तूर्त खर्च करता येत नाही. त्यामुळे त्याच्या बाजूची पुढची काच सारखी वाफेने भरायची. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं. मिसेस विलोबींच्या बाजूची काच मात्र नुकत्याच धुतलेल्या ग्लाससारखी लख्ख असायची. बाई श्वास घेत नसत, त्याला कोण काय करणार? तीन हिवाळे डेल्बर्टने वळणं घेतली ती मान तिरकी करून, बायकोच्या बाजूच्या काचेतून बघत.

आणि तो बोलायचा. चाळीस मिनिटं माणूस गप्प बसून करणार काय? सुरुवातीला सिंहांबद्दल बोलला, मग हॉबर्टबद्दल, मग खाणावळवालीच्या सूपबद्दल. मिसेस विलोबी कधी मध्येच तोडत नसत, उपदेश करत नसत. कँटीनमध्ये चेष्टा चालायची: “काय रे, वहिनी काय म्हणतात?” “बर्नीला दात आले का?” “डेल्बर्ट, तुझं बरंय बुवा. आमची तर उलट बोलते.” डेल्बर्ट हसून कॉफी घ्यायचा.

दुसऱ्या हिवाळ्यापासून तो मिसेस विलोबींशी मुख्यतः रोझलिनबद्दल बोलू लागला.

रोझलिन ग्रिप्पो दुकान सांभाळायची. हिवाळ्यात दुकानात गिऱ्हाईक नसायचं, मग ती उरलेल्या टोप्या मोजायची, सिगारेटी ओढायची आणि पंधरवड्यातून एकदा विलोबी कुटुंबाचे कपडे बदलायला गाडीच्या शेडमध्ये यायची. कारण पुतळे दुकानाचे, आणि एप्रिलमध्ये ते धड अवस्थेत परत हवे होते.

“हा रुमाल हिला शोभत नाही रे,” ती म्हणायची.

“मी नाही आणलेला.”

“नवरा ना तू? बायको काय घालते याच्याकडे लक्ष नको?”

यावर काय बोलावं ते डेल्बर्टला दुसऱ्या दिवशी दोन वाजता सुचायचं. मग तो ते मिसेस विलोबींना सांगायचा. तिसऱ्या हिवाळ्यात तर तो सरळ तालीमच करू लागला. मार्चमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बीफस्टेकचं जेवण असतं. सगळे एप्रन बांधून बसतात, लोण्यात बुडवलेले मांसाचे काप पावावर घालून हाताने खातात आणि ओरडून बोलतात. तिथे न्यायला कोणी असलं तर गावात त्याचा एक अर्थ होतो. डेल्बर्टने दोन तिकिटं घेऊन ठेवली होती. “तर मी काय म्हणत होतो, रोझलिन,” असं तो पहिल्या वळणावर सुरू करायचा आणि दुसऱ्या चकरेच्या शेवटी, फाटकाजवळ, कसंबसं वाक्य पुरं व्हायचं. मिसेस विलोबी नाही म्हणत नसत. तेवढाच धीर यायचा.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी बर्फावर इतकं ऊन होतं की शेडमध्ये शिरल्यावर त्याला दोन मिनिटं काही दिसेना. तो चाचपडत गाडीत बसला. शेजारी कोट, रुमाल, मोठा काळा चष्मा, रोजचंच. गाडी काढली, फाटक मागे पडलं, सिंहांचा ओटा आला. पहिल्या वळणाला त्याने नेहमीप्रमाणे मान तिरकी केली, आणि मिसेस विलोबींच्या बाजूची काच पांढरी झालेली होती.

त्याला वाटलं बाहेरचं दव असेल. मग त्याच्या डोळ्यांसमोर ती काच जरा निवळली. पुन्हा पांढरी झाली. पुन्हा निवळली.

शेजारून सिगारेटचा बारीक वास येत होता.

गोष्ट अशी झाली होती, आणि ती त्याला तासाभरात कळणारच होती, की ‘तो बाईशी बोलतो, सगळं सगळं बोलतो’ असं हॉबर्टने रोझलिनला सांगितलं होतं. ‘मग ऐकलंच पाहिजे,’ असं ती म्हणाली होती. दुकानातल्या माणसांना सिंहांच्या भागात जायची परवानगी नव्हती, म्हणून हॉबर्टने मिसेस विलोबींना एका कोपऱ्यात गवताच्या गठ्ठ्यांमागे बसवलं आणि त्यांचे कपडे घालून रोझलिनला गाडीत.

डेल्बर्टला हे सगळं त्या क्षणी माहीत नव्हतं, पण जेवढं माहीत होतं तेवढं पुरेसं होतं. आता नेहमीसारखं बोलावं, तर तो नेहमी हिच्याबद्दलच बोलत असे. हसून ‘उतर खाली रोझलिन’ म्हणावं, तर ती विचारणार की मग रोज काय बोलतोस. आणि तिसरं म्हणजे ते वाक्य, जे इतके दिवस घोटून ठेवलं होतं, ते म्हणावं. ते म्हणायला तो तोंड उघडायचा. शेजारची काच पांढरी व्हायची. तो तोंड मिटायचा.

दुसरी चक्कर संपली. फाटकाशी वळायला हवं होतं. तो सरळ गेला. तिसऱ्या चकरेला म्हातारा सिंह उठून बसला. चौथ्या चकरेला तो उभा राहिला, कारण हे ठरल्याप्रमाणे चाललेलं नव्हतं. पाचव्या चकरेला एक सिंहीण गाडीच्या बाजूने चालू लागली आणि रोझलिनच्या दाराच्या काचेतून आत पाहत बरंच अंतर आली. रोझलिन हलली नाही. हे मानायला हवं. डेल्बर्टही बोलला नाही.

मग त्याने गाडी शेडमध्ये घेतली, इंजिन बंद केलं, आणि तीन हिवाळ्यांची सवय त्याच्या तोंडून बोलली:

“बरंय, मिसेस विलोबी. उद्या दोन वाजता.”

तो उतरला आणि मागे न पाहता चालू पडला.

कँटीनमध्ये हॉबर्ट टेबलावर हात आपटून हसत होता. “अरे गाढवा, ती रोझलिन होती! रोझलिन!” सगळे हसत होते. दारात रोझलिन उभी होती, रुमाल अजून डोक्यावर, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. “उद्या दोन वाजता!” ती म्हणत होती. “बायकोला वेळ देतोय बघा!” एवढ्या हसण्यात ते सहा शब्द कुठे ठेवायचे, ते डेल्बर्टला समजेना. तो म्हणाला, “काय सांगता? खरंच?” आणि तोही हसला.

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. उद्या तिने दुकानात दोन नवी माणसं जमवून गोष्ट पुन्हा सांगितली. मग परवा. मार्चमध्ये आइस्क्रीमचे फ्रीज दुरुस्त करायला आलेला एड हॅस्केल तिला बीफस्टेकच्या जेवणाला घेऊन गेला. डेल्बर्टही गेला होता, दोन्ही तिकिटं खिशात घेऊन. पलीकडच्या टेबलावर बसला. जूनमध्ये ती दोघं ॲरिझोनाला गेली. ऑक्टोबरात पार्क कायमचं बंद झालं. सिंह टेक्सासला गेले, हत्ती कॅनडाला, हॉबर्ट घरी. पुतळे कचऱ्याच्या ढिगावर टाकलेले होते. मुलांची डोकी कोणीतरी आधीच नेली होती. डेल्बर्ट मिसेस विलोबींना घेऊन घरी आला.

पुढे तेहतीस वर्षं त्याने काउंटीची बर्फ हटवायची गाडी चालवली. एकट्याची केबिन, उत्तम हीटर. मधे सहा वर्षं त्याचं लग्नही झालेलं होतं, मार्ज नावाच्या बाईशी. ‘तू माझ्याशी बोलत नाहीस’ हे तिचं शेवटचं म्हणणं. गॅरेजमधल्या बाईबद्दल तिने कधी काही विचारलं नाही. बहुधा तिला वाटलं असावं की ती तिथेच ठीक आहे.

*

हॉलमध्ये तीसएक माणसं होती, आणि त्यांत चालायच्या काठ्या बारा. भिंतीवर पार्काचा मोठा नकाशा, त्यात जिराफ हसत होते. १९८१ साली जन्मलेल्या मिसेस कायकन झांबेझी एकर्सबद्दल हॉलमधल्या सर्वांहून जास्त जाणत होत्या. त्यांनी दारातच डेल्बर्टच्या हातात एक फॉर्म दिला.

“तुम्ही वस्तू आणलीय ना, मिस्टर व्हान ओर्डन? वस्तूचं नाव, साल आणि इथे खाली, वस्तूशी असलेलं आपलं नातं. म्हणजे तुमची, वडिलांची, सापडलेली, असं काहीतरी.”

त्याने नाव लिहिलं, साल लिहिलं. तिसरा रकाना कोरा ठेवला. “वस्तू गाडीत आहे,” तो म्हणाला. “गर्दी कमी झाली की आणतो.” भरल्या हॉलमधून बाईला काखेत मारून आणणं त्याला बरं दिसेना.

रोझलिन आली ती मुलीच्या हाताला धरून. पांढरे केस अगदी बारीक कापलेले, पायात नारिंगी बूट. तिने हॉलभर नजर फिरवली आणि सरळ त्याच्याकडे आली.

“डेल्बर्ट! तू गेलास असं ऐकलं होतं मी.”

“तो दुसरा व्हान ओर्डन. पॅटर्सनचा.”

“हं. बरं झालं. म्हणजे, त्याच्या दृष्टीने नाही.” ती नाकातून हसली, ते तसंच होतं. “ही माझी मुलगी, टीना. टीना, हाच तो!”

“हेच?” टीना म्हणाली, आणि एखादं प्रेक्षणीय स्थळ अखेर पाहिल्यासारखं तिने त्याच्याकडे पाहिलं. “आमच्या घरात तुमच्याशिवाय नाताळ होत नाही.”

डेल्बर्टने तोंड उघडलं. तेवढ्यात मिसेस कायकन यांनी माइक वाजवला.

हत्तींचा माहूत बोलला, तिकिटाच्या खिडकीतली बाई बोलली. मग रोझलिनला बोलावलं, आणि तिने कोणती गोष्ट सांगितली हे सांगायला नको. चांगली सांगितली. चाळीस वर्षं वापरून घासून घासून गुळगुळीत झालेली गोष्ट होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं. टीनाचे ओठ बरोबर हलत होते.

“दुसऱ्या चकरेपासून माझं नाक खाजतंय!” रोझलिन सांगत होती. “म्हटलं, आता संपेल. तर हा बाबा थांबेचना! पाच चकरा! कामात इतका इमानी माणूस मी पाहिला नाही. ती सिंहीण माझ्या तोंडाला तोंड लावून बघतेय. तिला कळलंय! सिंहिणीला कळलंय की ही बाई खरी आहे, आणि ह्या पठ्ठ्याला नाही! आणि शेवटी उतरताना मला काय म्हणतो?”

“उद्या दोन वाजता!” निम्मा हॉल ओरडला.

मिसेस कायकन हसत हसत माइक घेऊन डेल्बर्टपाशी आल्या. त्यांच्या हातात रेकॉर्डिंगचं यंत्र होतं, त्याचा लाल दिवा लागलेला. “आता तुम्हीच सांगा. खरंच तुम्हाला कळलं नव्हतं?”

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. सहा शब्द जिभेवर होते. त्रेचाळीस वर्षांत ते इतके जवळ कधी आले नव्हते, आणि आता कोणी मागून घेत होतं. त्याने रोझलिनकडे पाहिलं. ती पुढे झुकून बसली होती, डोळे ओले, चेहरा अजून हसण्यातून बाहेर न आलेला. टीनाने तिचा हात धरला होता.

“मिसेस विलोबी त्या दिवशी,” डेल्बर्ट माइकमध्ये म्हणाला, “जरा गप्प गप्प वाटल्या खऱ्या.”

हॉल कोसळला. काठ्या जमिनीवर आपटल्या. माहुताला ठसका लागला. डेल्बर्टच्या एका वाक्याला आयुष्यात इतकं कोणी हसलं नव्हतं.

*

केक संपता संपता बाहेर पाऊस सुरू झाला, ऑक्टोबरातला बारीक, गार. तो वस्तू आणायला गाडीपाशी गेला. दार उघडतोय तोच मागून नारिंगी बूट चपचप करत आले.

“ती आहे ना आत? टीना म्हणाली तू काहीतरी आणलंयस.” रोझलिनने काचेला हात लावून आत पाहिलं. “अरे देवा. तोच कोट. आणि तो रुमाल अजून शोभत नाहीये तिला.”

“मी नाही आणलेला.”

“मागे बसव रे तिला. मी काय पावसात उभी राहू?”

त्याने मिसेस विलोबींचा बेल्ट सोडला आणि त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. रोझलिन पुढे बसली. तो स्टिअरिंगपाशी बसला. दारं लागली. इंजिन बंद होतं. समोर हॉलची विटांची भिंत, आणि छपरावर पावसाचा आवाज.

“एडचं कळलं मला,” तो म्हणाला. “वाईट वाटलं.”

“दोन वर्षं होतील आता. शेवटी दोन महिने हॉस्पिटलात होता. रोज म्हणायचा, ती सिंहांची सांग. नर्सला पाठ झाली होती. शेवटी बोलता येत नव्हतं तेव्हा दोन बोटं वर करायचा. दोन वाजता.” “मला वाटतं त्याने लग्नही त्या गोष्टीशीच केलं. मी पहिल्यांदा फ्रीजपाशी उभं राहून त्याला तीच सांगितली होती.”

डेल्बर्ट समोर बघत होता. काच भरत चालली होती. आधी त्याच्या बाजूने, खालच्या कोपऱ्यातून, मग पलीकडून.

“त्या गाडीला हीटर नव्हता,” तो म्हणाला.

“मला सांगतोस? पाय गेले होते माझे.”

“माझ्या बाजूची काच नेहमी वाफेने भरायची. तीन हिवाळे पुसत होतो. तिच्या बाजूची कधीच भरली नाही.”

“का बरं, तिच्या बाजू...” असं म्हणता म्हणता रोझलिन थांबली.

तिने समोर पाहिलं. तिच्या पुढ्यातली काच पांढरी होती. ती पाहत असताना ती थोडी निवळली आणि पुन्हा पांढरी झाली. तिने श्वास रोखून धरला. मग सोडला.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“पहिलं वळण.”

“पाच चकरा,” ती म्हणाली. या वेळी ते विनोदासारखं ऐकू आलं नाही. “आणि कँटीनमध्ये?”

“सगळे हसत होते.”

“मी पण हसत होते.”

“हो. म्हणून तर.”

पाऊस जरा वाढला. मागच्या सीटवर मिसेस विलोबी छताकडे बघत पडल्या होत्या.

“इतर दिवशी काय बोलायचास रे तिच्याशी?”

“बीफस्टेकच्या जेवणाचं. दोन तिकिटं होती माझ्याकडे.”

रोझलिनने मान हलवली. हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. मग तिने मांडीवरची पर्स सरळ केली.

“ती गोष्ट आहे ना, डेल्बर्ट. ती तशीच राहू दे. एडची आहे ती.”

“मी कुठे बदलली? मघाशी तर...”

“ऐकलं मी. चांगलं बोललास. आता तेही सांगावं लागेल मला पुढे.”

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला. रोझलिनने बाहीने समोरच्या काचेचा हातभर तुकडा पुसला आणि त्यातून पाहिलं. “टीना आली.” तिने दार उघडलं, एक नारिंगी बूट बाहेर ठेवला आणि तशीच क्षणभर बसून राहिली. “उद्या विमान आहे माझं. दोनचं.”

तिने काय म्हटलं ते बहुधा दोघांच्याही ध्यानात आलं. दोघांनीही ते तसंच जाऊ दिलं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, मग काढला, आणि डोक्यावर पर्स धरून पावसातून गेली.

हॉल रिकामा झाल्यावर डेल्बर्टने मिसेस विलोबींना आत नेलं आणि नकाशाजवळच्या खुर्चीवर बसवलं. मिसेस कायकन हरखल्या. बोटं कुठे गेली म्हणाल्या, त्याने सांगितलं. मग त्यांनी फॉर्म पुढे केला.

“हा एक रकाना राहिलाय. नातं. मंडळाला लागतं हो, नाहीतर नोंद होत नाही.”

डेल्बर्टने पेन हातात घेऊन बराच विचार केला. शेवटी त्याने लिहिलं: ‘सहकारी. हिवाळी पाळी.’ मिसेस कायकन यांनी ते वाचलं, शिक्का मारला आणि पावती फाडून दिली.

घरी जाताना त्याने हीटर लावला नाही. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं घेऊन तो आपल्यापुरती काच पुसत राहिला. पलीकडची काच पांढरीच होती, मध्ये तो बाहीने पुसलेला हातभर तुकडा सोडून; आणि तोही गल्लीच्या तोंडाशी येईतो जवळजवळ भरत आला होता. गाडीने टिंग टिंग केलं नाही. बेल्ट लावण्यासारखं कोणी नव्हतं.

शेजारी पावसामुळे काम टाकून ओसरीवर उभा होता. गाडी वळताना त्याने वाकून, त्या उरलेल्या तुकड्यातून आत पाहिलं. मग एकदाच हात केला.